माझा देह आईच्या हवाली

लिहून ठेवतो मी, श्रीरंग मारुतराव बागल, वय सत्तावीस, काम फरशी बसवण्याचे, मूळचा खटाव तालुक्यातला, सध्या राहणार फरिदाबाद, की माझे डोके ठिकाणावर आहे, मी नशेत नाही, कोणी धाक घातलेला नाही, आणि उजव्या कानाने ऐकू येत नसले तरी लिहिलेले मला कळते. सातवी नापास आहे. कायद्याचे शब्द गुणवंत साळवे सरांनी सांगितले, बाकीचे माझे. उद्या पोटाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, घरवालों को बुला लो. म्हणून हे आजच.

एक. थापी, ओळंबा, पाणसळ आणि फरशी कापायचे मशीन माझा जोडीदार जयंत याला. वायर बदलल्याशिवाय मशीन चालवू नये, करंट मारते. रोज सकाळी तो मला विचारायचा, पादरीसाहेब, आज कोणाला तारणार. तरी डबा त्यानेच वाटून खाल्ला.

दोन. बँकेत जे असेल ते आईचे, शेवंता मारुतराव बागल हिचे.

तीन. गावच्या घरातला माझा हिस्सा थोरला भाऊ अविनाश याला. तो फौजेत आहे, दिल्ली छावणीत राहतो. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरात सरांच्या क्वार्टरमध्ये बाथरूमच्या फरश्या बसवायला गेलो, तिथून माझे येशूकडे वळणे सुरू झाले. बाप्तिस्मा घेतला तेव्हा दादाने सांगितले, गावच्या उंबऱ्यावर पाय ठेवू नको. तो उंबरा आता सगळा त्याचा.

चार. हे पोलिसांसाठी. चौदा जानेवारीला दादाने मला छावणीतल्या लोकांच्या बसमधून पानिपतला, मराठ्यांच्या लढाईच्या स्मारकाला, काला अंबला नेले. त्याला वाटले, मी आपल्या धर्मात परत आलो. मी पिशवीत येशूच्या पुस्तिका नेल्या होत्या. सर नको म्हणाले होते. लोक तिथे आपली माणसे आठवायला येतात, तू पाणी वाट, तोंड उघडू नको, असे म्हणाले होते. मला दम धरवत नाही, लहानपणापासून.

एका म्हाताऱ्या गृहस्थाने पुस्तिका घेतली, चष्मा लावून वाचली आणि शांतपणे विचारले, "आमच्या घराण्यातले दोघे इथे पडले. मग ते कुठे आहेत, बाळ?"

मी म्हणालो, "येशूला न ओळखता गेले. नरकात."

पहिला हात दादाचा. कानाखाली, एकच. पण सख्ख्या भावाने मारले हे बघून बाकीच्यांना मोकळीक मिळाली. लाथा कोणाच्या ते मी ओळखत नाही. पोटातले फुटले ते लाथांनी, थपडेने नाही. नंतर दादा माझ्यावर आडवा पडला, त्याच्याही पाठीत बसल्या. मी ख्रिस्ती आहे, खोटी साक्ष देणार नाही, आणि खरे एवढेच आहे. यावरून त्याची नोकरी घालवू नये. कानाचे मात्र मी माफ केलेले नाही. रोज प्रार्थना करतो, होत नाही.

पाच. देह. मला मातीत ठेवावे अशी माझी इच्छा होती. सरांनी जागाही बघितली. काल दादाने आईला फोन लावून माझ्या डाव्या कानाला धरला. ती म्हणाली, अग्नी देणार असाल तर येते, पुरणार असाल तर मला कळवूसुद्धा नका. मग म्हणाली, "त्या म्हाताऱ्याला सांगितलंस, ते माझं पण का रे?"

मी दादाला फोन बंद करायला खूण केली. म्हाताऱ्याला सांगताना मला एक क्षणसुद्धा लागला नव्हता.

मी विश्वास सोडलेला नाही, हे नीट वाचावे. तरी माझा देह जाळावा. अग्नी दादाने द्यावा. गावाहून यायला आईला दीड दिवस लागतो, तोवर थांबावे. देव राखेतूनही माणूस उठवतो असे सर म्हणतात. ते चुकत असतील तर तोटा माझा. सरांनी लांब उभे राहून मनातल्या मनात प्रार्थना करावी. आई बोलेल. मला, सरांना, देवाला, तोंडात येईल ते बोलेल. तिला कोणी उत्तर देऊ नये.

ज्याला काही मिळते त्याची साक्ष चालत नाही, म्हणून दादा बाहेर बाकावर आहे. पुढील दोघांच्या समोर मी सही केली, आणि त्यांनी माझ्यासमोर.

श्रीरंग मारुतराव बागल

साक्षीदार:
१. गुणवंत साळवे, लक्ष्मीबाई नगर
२. सूर्यकांत तावरे, शेजारच्या खाटेवरील पेशंट

दिल्ली, १९ जानेवारी २०१४