स्वयंपाकघर नसलेली युद्धनौका

छकुले,

चष्म्याची काडी बसवून घ्यायला चाललोय, सातपर्यंत येतो.

सकाळी तू विचारलंस, "बाबा, तुमचे आठशे खलाशी जेवतात कुठे?" मी उगाच चिडलो. वर्षभर खपून एकोणीसशे बारा सालची ब्रिटिश युद्धनौका मनाने रचली, कागदावर उतरवली, दहा तोफा बसवल्या, आणि स्वयंपाकघरच राहिलं. आई असती तर पहिल्याच दिवशी बोलली असती.

आता मागच्या दोन तोफा खोडून तिथे चूल मांडलीय. नकाशा गुंडाळून कपाटावर ठेवलाय. आई गेल्यापासून जेवायचं टेबल मीच अडवून बसलो आणि तू ताट घेऊन खोलीत जायला लागलीस.

आज जाऊ नकोस. टेबल पुसलंय. दोन ताटं मांड.

— बाबा