पंपावरची चांदणी

अण्णा,

तुमचं सील काल मी तोडायला लावलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळी. गाडीच्या डिझेल पंपावर, इंजिनला किती डिझेल जाईल ते ठरवणाऱ्या स्क्रूला तार ओवून तुम्ही शिशाचा मणी दाबला होता आणि त्यावर तुमच्या चिमट्याची चांदणी उमटवली होती. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, पण त्या मण्याला हात लावायची माझी छाती झाली नव्हती. काल लेकीपायी झाली. तिला देवनहळ्ळीच्या बाजूला नोकरी लागली आहे आणि रोज जायला तिला हीच गाडी हवी आहे, पण आहे तशी नको. "आई, फ्लायओव्हर चढताना ऑटोवालेसुद्धा पुढे जातात गं! पंप थोडा वाढवू, टर्बो बसवू, बस्स. इंजिन तर मस्त आहे." मी म्हणत होते, कंपनीने केली आणि अण्णांनी राखली, तशीच राहू दे. त्यावर ती नाक मुरडायची. महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. तिला काय सांगणार, पंचवीस वर्षांच्या जुन्या गाडीत माझं काय अडकलं आहे ते!

चामराजपेटेतलं तुमचं दुकान मला अजून वासासकट आठवतं. चाचणीच्या यंत्रावर पंप चढवलेला, त्याखाली काचेच्या चार नळ्या आणि त्यांत डिझेल सारखं भरतंय की नाही हे तुम्ही डोळे बारीक करून बघताय. दारात लॉरीवाला हात जोडून उभा आहे. "अण्णा, स्वल्प जास्ति बिडी, थोडं जास्त सोडा. घाट चढत नाही." तुम्ही मान वर न करता म्हणताय, "आज घाट चढशील, उद्या इंजिन उतरवशील. कंपनीने सांगितलंय तेवढंच सोडणार." मग मणी, चिमटा, चांदणी. चिडून गेलेला लॉरीवाला वर्षभराने पुन्हा तुमच्याकडेच यायचा. ती चांदणी बघितली की दुसरा मेकॅनिक त्या स्क्रूच्या वाटेला जात नसे, आणि मला शाळेत त्याचा केवढा तोरा!

तुम्ही गाडी घेतलीत तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि नुकतीच नोकरीला लागले होते. दुसऱ्याच महिन्यात मैत्रिणींना घेऊन नंदी टेकडीला गेले आणि परतताना देवनहळ्ळीच्या अलीकडे, विमानतळ व्हायच्या आधीच्या त्या मोकळ्या रस्त्यावर, अचानक बैलगाडी आडवी आली. मी ब्रेक मारला, गाडी घसरत जाऊन चिंचेच्या झाडाला घासली. दिवा फुटला, पत्रा आत गेला, आम्हाला कुणाला खरचटलंही नाही. घरी तुम्ही एकच विचारलंत, "वेग किती होता?" मी म्हटलं, "साठ." तुम्ही चष्मा पुसलात आणि आत गेलात. चार दिवस माझ्याशी बोलला नाहीत. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या. आत्या येऊन सांगून गेली, "पोरीच्या हातात गाडी देतं का कुणी? किल्ली कपाटात टाक." रविवारी तुम्ही गाडी दुकानात नेलीत. पंप साफ करतो म्हणालात. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात अवरेकाळूची उसळ आणि भाकरी खात बसले होते, तर तुम्ही आलात आणि माझ्या ताटाशेजारी किल्ली ठेवलीत. म्हणालात, "उद्यापासून ऑफिसला घेऊन जा." त्या घासाला मला रडू आलं होतं, अण्णा. आईला वाटलं, ठसका लागला.

त्या किल्लीच्या जोरावर मी निम्मं आयुष्य काढलं. व्हाइटफील्डला दोनचार इमारती होत्या तेव्हापासून याच गाडीने जात होते. आईला शेवटच्या आजारात दवाखान्यात नेलं ते हिच्यातूनच, लेकीला घरी आणलं तेही हिच्यातूनच. चढावर रडायची खरी, पण धुराच्या तपासणीत दरवेळी पहिल्या फटक्यात पास. मी सगळ्यांना सांगायचे, अण्णांचा हात आहे तो.

तर काल तुमच्या हाताखाली तयार झालेल्या कारागिराकडे गाडी नेली. आता त्याचं स्वतःचं दुकान आहे आणि केस माझ्याहून पांढरे. मी म्हटलं, लेक म्हणते पंप वाढवायचा, तुम्ही काय ते सांगा. त्याने कटर उचलला आणि तसाच थांबला. "अक्का, स्वल्प निल्ली, जरा थांबा. एक बोलायचं आहे. तुमची गाडी कंपनी सेटिंगवर नाहीच. कमी आहे." मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. त्याने सील तोडलं, पंप यंत्रावर चढवला, नळ्या दाखवल्या. चारही एकसारख्या, आणि चारही खुणेच्या खाली. "अण्णांनी माझ्यासमोर अर्धा फेरा मागे घेतला. बोलले, कोणाला सांगायचं नाही. तुमचा अपघात झाला ना, दुसऱ्या दिवशी बस पकडून ते तिकडे गेले. रस्त्यावरच्या टायरच्या खुणा पावलांनी मोजल्या. येऊन मला बोलले, साठ नव्हता रे, शंभर तरी असेल."

एकशेदहा होता, अण्णा.

सुरुवातीला मला भयंकर राग आला. ज्या हातांनी कुणा लॉरीवाल्यासाठी स्क्रू हलवला नाही, त्यांनी माझ्यासाठी नियम मोडला, आणि वर त्यावर आपली चांदणी मारली! मी ज्याला विश्वास समजून पंचवीस वर्षं मिरवलं, त्याच्यामागे हा अर्धा फेरा होता. कारागिराने कॉफी मागवली, ती बाकावर गार झाली. मग हळूहळू दुसरं दिसू लागलं. किल्ली कपाटात टाकणं तुम्हाला किती सोपं होतं. सगळे तेच सांगत होते. तुम्ही बस पकडून गेलात, उन्हात पावलं मोजलीत, माझं खोटं ओळखलंत, ते माझ्या तोंडावर फेकलं नाहीत, आणि तरीही किल्ली दिलीत. भीती तुम्ही पंपात ठेवलीत, माझ्या वाट्याला फक्त किल्ली आली. इतकं मला कुणी जपलं नाही. हे तुम्ही असताना म्हणायला हवं होतं.

लेकीला फोन करून सांगितलं, टर्बो नाही, काही वाढवायचं नाही, आजोबांनी पंप कमी ठेवला होता तो फक्त कंपनीच्या खुणेवर आणते आहे. ती खूश झाली. म्हणाली, "म्हणजे आजपर्यंत कंपनीची स्टॉक सेटिंग नव्हतीच? आजोबा भारीच होते की!" आज सकाळी तिने चक्कर मारली, गाडी फ्लायओव्हर एका दमात चढली आणि ती परत येऊन माझ्या गळ्यात पडली.

हे पत्र घडी करून गाडीच्या कप्प्यात ठेवणार होते, तुमच्या तुटलेल्या मण्यासोबत. पण तो कप्पा आता तिचा आहे, आणि हे तिच्या हाती लागून चालणार नाही. कारण काल फोन ठेवल्यावर कारागीर स्क्रू खुणेवर आणून सील करायला स्वतःचा चिमटा उचलत होता, आणि मी म्हटलं, "थांबा. पाव फेरा मागे घ्या." त्याने माझ्याकडे पाहिलं, हसला नाही. "सरी अक्का," म्हणाला, आणि खणातून तुमचा जुना चिमटा काढला.