पंपिंग पन्नास पाह्यजे

सोमवार, २० जानेवारी
इंजेक्शन नाई दिलं! अमरावतीवरून तसंच परत पाठवलं!

दोन तास बाकावर बसली. सतरा इंजेक्शनं घ्यायची, नऊ झाली, आज दहावं. अन् डॉक्टरीणबाई म्हणे, "थांबावं लागेल, भागिरथाताई." काहून? कॅन्सरसाठी नाई, हृदयासाठी! इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग चव्वेचाळीस आलं. पन्नास पाह्यजे. बी.पी. एकशे सत्तर.

मी म्हटलं, बाई, तुमी माही डावी छाती कापली, आता हृदय कुठून आलं मधात? त्यायनं समजावून सांगतलं — या औषधाचा ताण हृदयावर येते. हृदय दमलं तर औषध बंद, अन् औषध बंद तर कॅन्सरले रान मोकळं. "ज्यांचं हृदय धडधाकट असतं ना, ती माणसं कॅन्सरनंही कमी दगावतात, असं दिसतं." म्हणजे दोन दुश्मन हायेत अन् दोघं एकमेकाले सामील!

नव्या गोळ्या. मीठ कमी. रोज चालणं. "तंबाखू खाता का?" छ्या! आमच्या घरात सुपारीसुद्धा नाई, असं छाती पुढं करून सांगतलं. अर्धीच हाय, पण पुढं करून.

मंगळवार, २१ जानेवारी
सकाळी मिसरी लावली, चूळ भरली अन् निघाली. मारुतीच्या पारापर्यंतच गेली तर जीव वर आला. हे मांगून सायकल घेऊन हजर! "आजारी माणसानं निजून राहावं. लोक म्हणतीन, पुंजाजी बायकोले गावभर हिंडवते." म्हटलं, लोकायले सांगा, ती स्वतःच हिंडून राह्यली.

रविवार, २६ जानेवारी
भेटीले येणाऱ्यायची रांगच! हातात डिंकाचे लाडू, तुपानं थबथबलेला शिरा. माणूस आजारी पडला की त्याले बाजेवर निजवायचं अन् तुपानं भरायचं — ही आमच्या धनज गावची रीत. नानीबाई तर उशाशी बसून रडाले लागली. "खाय माय, आता तेवढंच!" म्हटलं, नानीबाई, मी मेली नाई अजून. ब्लाउज तयार हाय तुमचा, शिलाई द्या अन् घेऊन जा. रडणं जाग्यावर थांबलं!

लाडू सगळे यायच्या पुढं सरकवले. हे खूश.

संध्याकाळी विहारात वंदनेले गेली. पाचवं शील मी सगळ्यायपेक्षा मोठ्यानं म्हणते. नशा करायची नाई म्हणजे नाई. गोजराबाई शेजारी होती. तीस वर्षांची शेजारीण, जिवाची मैतरीण. दर गुरुवारी तव्यावर मिसरी भाजते, अख्ख्या गल्लीच्या डब्या भरून देते. माही डबी भरून आणली.

रविवार, ९ फेब्रुवारी
फाट्यापर्यंत! दोन किलोमीटर, न बसता! यायची सायकल पंक्चर अन् मी पुढं!

सोमवार, १७ फेब्रुवारी
पंचेचाळीस. फक्त एकानं वाढलं! महिनाभर आळणी वरण खाल्लं ते एका आकड्यासाठी?

डॉक्टरीणबाई माह्याकडं पाहतच राह्यली. मग म्हणे, "तोंड उघडा ताई. दात कशानं काळे झाले?"
"मिसरीनं."
"मिसरी कशाची करतात?"
तोंड उघडंच राह्यलं. तंबाखूची! भाजलेली तंबाखू, दुसरं काय?

"अहो बाई, आमच्याकडं ते दात घासणं असते!"
"दिवसातून किती वेळा घासता?"
मोजली. सात.
"सात वेळा दात कोण घासतं, ताई?"
शेजारी बसलेले हे हसले. मले हसू नाई आलं. लग्नाच्या पयल्या साली सासूनं बोटावर दिली होती, म्हणे दात बळकट होते. तेव्हापासून कधी मनातसुद्धा आलं नाई की हे व्यसन हाय. पानटपरीवरच्या माणसायले नावं ठेवत होती मी!

बाई म्हणे, हे हृदयालाही मारतं अन् कॅन्सरलाही खतपाणी घालतं. आता महिन्यानं शेवटचं पाहू. नाही वाढलं तर हे औषध विसरा.

मंगळवार, १८ फेब्रुवारी
डबी उकिरड्यात फेकली. पाचवं शील इतकी वर्षं मिसरी लावलेल्या तोंडानं म्हटलं — लाज वाटली मले.

डोकं ठणकून राह्यलं. दोन बाह्या उलट्या जोडल्या. यायनं चहा मागतला तर अंगावर धावली.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी
गोजराबाईले सांगतलं, तू पण सोड. अशी भडकली! "मिसरीनं कोणी मेलं का? माही सासू नव्वद वर्षं जगली! तुह्या कॅन्सरचं खापर माह्या तव्यावर काहून फोडतं?" दार लावून घेतलं. तीस वर्षांत पयल्यांदा.

मी पण हट्टी हाय. नाई गेली मांगं.

गुरुवार, ६ मार्च
खरं लिहिते. आज तिच्या दारावरून गेली, मिसरीचा तवा तापला होता. तो वास! पाय थांबले. कोणी डबी पुढं केली असती तर मी दोन्ही हातानं घेतली असती. बोट आपोआप दाताकडं गेलं. मग तेच बोट कचकन चावलं अन् तशीच फाट्यापर्यंत गेली. रडत गेली, पण गेली.

शनिवार, ८ मार्च
नव्या ब्लाउजच्या डाव्या बाजूले कापूस भरला. माप मीच घेतलं, शिवलं मीच. झकास बसलं!

सोमवार, १७ मार्च
एक्कावन्न!!

डॉक्टरीणबाईनं कागद फिरवून दाखवला, तरी मी दोनदा वाचला. म्हणे गोळ्या, चालणं, मिसरी सोडणं, सगळ्याचाच हात असेल. दहावं इंजेक्शन चढलं. बाटलीकडं पाहत तिथंच रडली. इतके दिवस कोणाले सांगतलं नाई — मले लय भेव वाटत होतं. मले मरायचं नाई. लेकीचं, पल्लवीचं बाळंतपण मलेच करायचं हाय. सात राह्यली. सातही घेईन!

हे पायऱ्या चढता चढता तीनदा थांबले. उद्यापासून सायकल बंद, यायलेही पायी चालवते.

बुधवार, १९ मार्च
चालाले निघत होती तर दारात गोजराबाई. महिन्याभरानं. बोटानं खालचा ओठ ओढला. आत पांढरा चट्टा, मिसरी दाबते तिथंच. "दिवाळीपासून हाय. तिखट लागलं की आग होते. कोणाले सांगू नको."

दिवाळीपासून! म्हणजे माह्याशी भांडली तेव्हाही होता.

अमरावतीची गाडी साडेसातची. तिले म्हटलं, चप्पल घाल. फाट्यापर्यंत पायीच जाऊ.