खेचर क्र. ३१ बेवारस नसल्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
पॅरिश कोंडवाडा व मोकाट जनावरे विभाग,
सेंट अमेली पॅरिश (जिल्हा), लुइझियाना.

विषय : कोंडवाड्यातील खेचर क्र. ३१ (मादी, वय २६, नाव क्लोटिल्ड) शुक्रवारच्या ट्रकमध्ये न चढवता अर्जदारास परत मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपल्याच विभागाचे माहितीपत्रक 'वादळ आणि आपली जनावरे', कलम ४.
२) आपल्याच विभागाने मला पाठवलेल्या सतरा नोटिसा.
३) आपल्या खिडकीसमोर मी स्वतः, सहा वेळा.

महोदय,

मी एल्डा मूटाँ, वय ७१, विधवा, राहणार शेनिएर न्वार, पूर्वीचा धंदा शाळेची बस चालवणे, हा अर्ज स्वहस्ते लिहून देत आहे. तोंडी सहा वेळा सांगून झाले. आता कागदावर सांगते, कारण आपल्या कार्यालयात माणसाआधी कागदाला खुर्ची मिळते असा माझा अनुभव आहे.

१. दि. २० सप्टेंबरच्या चक्रीवादळापूर्वी दोन दिवस आमचे गाव रिकामे करण्याचा हुकूम निघाला. माणसांना बसने उत्तरेकडच्या शाळेत नेण्यात आले. बसमध्ये व निवाऱ्यात जनावरांना मज्जाव होता. मी तीस वर्षे बस चालवली आहे आणि पोरांच्या डब्यातून मगरीची पिल्ले शाळेत गेलेली पाहिली आहेत. बसमध्ये काय मावते हे मला कोणी शिकवू नये. मी गेले नाही. माझे घर गावातल्या एकमेव उंचवट्यावर, शिवाय सहा फूट खांबांवर आहे. मी राहणार हे कळताच गावाने आपापली जनावरे माझ्या अंगणात आणून बांधली. शेजारी व्हर्लिन सॅव्हॉय याने सहा गाई, एक घोडा व एक डुकरीण सोडली आणि बसच्या खिडकीतून ओरडून सांगितले, "मावशी, दोनच दिवस! डुकरीण वाऱ्याला घाबरते, तिच्याशी जरा बोलत राहा!" व्हर्लिन अद्याप परतलेला नाही. माझे स्वतःचे म्हणाल तर हे खेचर, एक कुत्रा आणि अकरा कोंबड्या.

२. आपल्या माहितीपत्रकाच्या कलम ४ मध्ये 'जनावराच्या दोन्ही कुशींवर मालकाचा दूरध्वनी क्रमांक ठळक रंगाने लिहावा' असे म्हटले आहे. मी आज्ञाधारक बाई आहे. माझ्या कैलासवासी पतीच्या, विल्मर यांच्या होडीचा नारिंगी रंग उरला होता, त्याने मी लिहीत सुटले. बाकी सारे गाव परागंदा झालेले. फोनजवळ राहणारी मी एकटीच. म्हणून गावच्या सतरा व माझ्या एका अशा अठराही जनावरांवर माझाच क्रमांक पडला, ३३७-५५५-०१४६. कोंबड्यांवर आकडे मावले नाहीत, कुत्र्याने लिहू दिले नाहीत.

३. वादळाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, पोलिसातला डेप्युटी कर्ली गिद्री हुकुमाची तामिली करण्यास आला. या कर्लीला मी नऊ वर्षे शाळेत नेले-आणले आहे. मी येत नाही म्हटल्यावर त्याने खिशातून जाड शाईचे पेन काढले व म्हणाला, "मग मावशी, हातावर नंबर लिहा. वरून तसं सांगितलंय. जवळच्या माणसाचा लिहा, म्हणजे... म्हणजे कळवायला."

मी विचारले, "जवळचं कोण, कर्ली? पोरंबाळं नाहीत, विल्मर गेला."

तो बिचारा खाली बघून म्हणाला, "कुणाचाही लिहा हो. नंबर असला म्हणजे झालं. नंबर असला की माणूस बेवारस ठरत नाही."

दुसरा कोणताही क्रमांक मला पाठ नव्हता. मी माझ्या डाव्या हातावर माझ्याच घरचा क्रमांक लिहिला, जो क्लोटिल्डच्या कुशीवर होता तोच. पुढील सर्व मजकूर वाचताना हे कृपया ध्यानात ठेवावे.

४. शनिवारी सकाळी साडेनऊला पाणी पहिल्या पायरीला लागले. अंगणातल्या जनावरांचे दोर मी कापले. खेचर स्वयंपाकघरात होते. ते वर कसे आले असे आपल्या लिपिक श्रीमती लॉनी डूसे यांनी भुवई उंचावून विचारले, म्हणून नमूद करते : विल्मरची चाकांची खुर्ची वर नेण्यासाठी आम्ही त्याच्या शेवटच्या वर्षी लाकडी उतार बांधला होता, त्यावरून आले. डुकरीण माझ्या पलंगावर होती व मी तिच्याशी शब्द दिल्याप्रमाणे बोलत होते. कोंबड्या न्हाणीतल्या टबात होत्या.

अकराच्या सुमारास पाणी घरात शिरले आणि बघता बघता माझ्या छातीला आले. डुकरीण खिडकीतून पोहत गेली. कोंबड्या वाचल्या नाहीत. मी कुत्र्याला काखेत घेऊन ओट्यावरून क्लोटिल्डच्या पाठीवर चढले. डोके छताला टेकत होते, म्हणून मी तिच्या मानेवर आडवी पडून राहिले. छप्पर उचकटल्याचा आवाज मी ऐकत होते, मला भयंकर भीती वाटली आणि मी लहान मुलीसारखी रडले, हे लिहिण्यात मला कमीपणा वाटत नाही. "उभी राहा बाई, उभी राहा," एवढेच मी तिच्या कानात म्हणत होते. चार तास ती पाण्यात उभी राहिली. म्हातारे खेचर अडेल असते म्हणतात. तिच्या त्या अडेलपणामुळेच हा अर्ज लिहायला मी जिवंत आहे.

५. सोमवारी बचावपथकाची होडी आली. "फक्त माणसं," असे पथकातील दोघांनी सांगितले व माझ्या नकाराला न जुमानता मला उचलून होडीत बसवले. त्यांनी माझ्या हातावरचा क्रमांक वहीत उतरवून घेतला. कुत्रा रेनकोटाच्या आत होता, तो त्यांना दिसला नाही असे त्यांनी भासवले. देव त्यांचे भले करो. क्लोटिल्ड उतारावर उभी राहून बघत होती. "तिला नंतर नेऊ, मावशी," असे ते म्हणाले. त्यांनी शब्द पाळला. नेले ते आपल्या कोंडवाड्यात.

६. मी नऊ दिवसांनी घरी परतले तेव्हा पत्रपेटी शाबूत होती आणि तीत आपल्या नोटिसा होत्या. 'आपली गाय माननीय न्यायाधीशांच्या पोहण्याच्या तलावात आढळली असून ती तत्काळ हलवावी.' 'आपली डुकरीण चर्चमध्ये वेदीपाशी मुक्काम करून आहे.' 'आपला घोडा दफनभूमीत.' अशा सतरा. प्रत्येकीत अंगावरील क्रमांकावरून मीच मालक असल्याचे 'निःसंशय सिद्ध' झाल्याचे लिहिले आहे. ही सतराही जनावरे माझी नाहीत. जे एक माझे आहे, त्याच्यावर तोच रंग, तोच क्रमांक आणि तेच वळण असूनही आपल्या फळ्यावर लिहिले आहे : 'क्र. ३१, खेचर, बेवारस.' आपल्या एका टेबलावर मी सतरांची मालकीण आणि शेजारच्या टेबलावर एकाचीही नाही. दोन टेबलांमध्ये चार पावलांचे अंतर आहे. मी ते मोजले आहे.

७. चौकशी केली असता समजले की अंगावरील क्रमांकावर तीन वेळा फोन करून उत्तर न आल्यास जनावर बेवारस धरले जाते. माझे घोडे येथेच पेंड खाते. फोनचा खांब माझ्या स्वयंपाकघरात आडवा पडला आहे. हे श्रीमती डूसे यांना सांगितल्यावर त्या फार मायेने म्हणाल्या, "बसा ना मावशी. मी आत्ता लावून बघते. उचलला गेला की झालं तुमचं काम." त्यांनी माझ्यासमोर माझा क्रमांक फिरवला. आम्ही दोघींनी थांबून वाट पाहिली. मग त्यांनी फोन ठेवून नोंदवहीत 'उत्तर नाही' असे लिहिले.

मी म्हणाले, "अहो, मी इथे बसलेय!"

त्या म्हणाल्या, "तेच तर ना. घरी असायला हवं होतं."

कागदपत्रे पाण्यात गेली, फोटो पाण्यात गेले. खेचराला माझ्याजवळ सोडून पाहा, ते कोणाकडे येते ते बघा, अशी मी विनंती केली. त्यावर 'जनावराची साक्ष नियमात बसत नाही' असे उत्तर मिळाले. कुंपणाबाहेरून मी तिला हाक मारली, तेव्हा तिने कान वळवले आणि ती फळीशी येऊन उभी राहिली. श्रीमती डूसे यांनी ते पाहिले व त्यांचे डोळे भरून आले, पण वहीत ते कोणत्या रकान्यात लिहायचे हे त्यांना ठाऊक नव्हते. त्या हळूच म्हणाल्या, "म्हातारं खेचर आहे, मावशी. लिलावात कोण घेणार? शुक्रवारी आठला ट्रक येतो." तो ट्रक कुठे जातो, हे त्यांनी सांगितले नाही आणि मला सांगण्याची गरजही नाही.

८. सबब माझी मागणी अशी की खेचर क्र. ३१ मला परत द्यावे. हे नियमात बसत नसेल, तर नियम पुरा पाळावा. ज्याच्या अंगावर ३३७-५५५-०१४६ हा क्रमांक आहे आणि त्या क्रमांकावर कोणी उत्तर देत नाही, ते बेवारस, असे आपले म्हणणे आहे. तोच क्रमांक माझ्याही अंगावर आहे. त्यावर फोन केल्यास माझ्याही बाबतीत कोणी उचलणार नाही. वादळाआधीही कोणी उचलला नसता, हे कर्लीला कळले होते आणि मलाही. शाई पुसट होत आली होती. काल मी ती त्याच जातीच्या पेनाने नीट गिरवून घेतली आहे.

शुक्रवारी सकाळी सात वाजता मी कोंडवाड्यात हजर राहून क्र. ३१ च्या शेजारी उभी राहीन. मला क्र. ३२ द्यावा. ती माझ्यासाठी चार तास उभी राहिली. ट्रक येईपर्यंत मला एकच तास उभे राहायचे आहे.

आपल्या यादीत समाविष्ट होऊ इच्छिणारी,

(सही) एल्डा मूटाँ
शेनिएर न्वार, दि. १५ ऑक्टोबर, बुधवार

दूरध्वनी : ३३७-५५५-०१४६ (उत्तर येणार नाही)

सोबत :
१) नोटिसा, नग सतरा.
२) माहितीपत्रक, कलम ४ खाली रेघ मारून.
३) अर्जदाराचा डावा हात. प्रत काढता येत नसल्याने मूळ शुक्रवारी समक्ष सादर करण्यात येईल.