कानटोपीचं अस्तर

१७ जानेवारी १९७४
कंपनीत पाच महिने झाले. अजून एक, मग पर्मनंट. चामड्याच्या हातमोज्यांना आतून सशाच्या केसाळ कातड्याचं अस्तर शिवायचं, माल परदेशी जातो. दिवसभर नाकात केस. घरी फक्त हातमोजे सांगितलंय, ससा नाही सांगितला. आबांना कशाला! बापाच्या जिवाला घोर.

२१ जाने.
पुनावळ्यात मरणाची थंडी. आबांचा खोकला हटत नाही. कुसुम, माझ्या शेजारच्या मशीनवरची, परभणीची, म्हणाली, "अगं, टाकाऊ तुकडे घेऊन जा की." सुपरवायझरला विचारून घेतले. आबांच्या कानटोपीला आतून बसवले, वरून फ्लॅनेल. कुणाला कळायचं नाही.

२४ जाने.
आबा खूश. "लई ऊब हाय गं. कंचं कापड म्हणायचं ह्ये?" कंपनीचं कापड, म्हटलं. धडधडीत खोटं. पण खोकला कमी आहे, बास.

३ फेब्रु., रवि.
संपलं सगळं. वंदनेला निघताना टोपीची शिवण उसवली. आबांनी आत नुसता अंगठा फिरवला. पोरवयापासून मेलेली ढोरं सोललेला हात. छप्पन साली दीक्षा घेतली आणि ते काम सोडलं, पण हात विसरला नव्हता.
"ह्ये कापड न्हाई. कातडं हाय. कवळं." मग, "आमी मेलेली वढायचो गं. मारली न्हाईत कदी. तरी बी सोडलं."
मी कुठं मारते आबा? मी फक्त शिवते.
विहारात पंचशीलाची पहिली ओळ आली, जीवहत्या न करण्याची, आणि माझा आवाजच फुटेना. आबा शेजारीच बसले होते. ऐकलं त्यांनी.

५ फेब्रु.
बोलणं बंद. टोपी खुंटीला. उघड्या कानांनी ओट्यावर बसतात नि खोकतात. हट्टी म्हातारा! रागही येतो, जीवही तुटतो.
कुसुमला सांगितलं. ती म्हणते, "आपण कोंबडी खातावच की. मग ससा काय आभाळातून पडला?" सुपरवायझर म्हणतात, ससे मटणासाठीच मारतात, कातडं वाया जाऊ द्यायचं नाही इतकंच. मी म्हटलं, कुसुम, गठ्ठा बघ. सगळी एका मापाची, एका रंगाची. ही कातड्यासाठीच पाळलेली. तिनं पुढचा तुकडा मशीनखाली सरकवला. मीही शिवत राहिले.

८ फेब्रु.
बोलू नये ते बोलले. "तुम्ही ते काम सोडलंत, जुन्या गावानं धान्य बंद केलं, त्या उपासमारीत आपली सुमन गेली. ती नव्हती का जीवहत्या?"
सुमन माझ्या पाठची. दोन वर्षांची होती.
आबांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मग एवढंच, "व्हय. ती बी हाय."
जीभ का नाही झडली माझी!

१६ फेब्रु.
पर्मनंटचा फॉर्म मिळाला. सोमवारी सही करून द्यायचा. आबांना सांगितलं. म्हटलं, आता ओरडतील. ओरडले नाहीत. विचारलं, "टोपीला किती ससं लागलं?"
टाकाऊ तुकडे होते आबा.
"तुकडं तरी कुणाचं असत्यात न्हवं?"
दोघंही जेवलो नाही नीट.

१८ फेब्रु., सोम., सकाळ
उठले तर खुंटीवर टोपी नाही. वाटलं, घातली! इतकी हरखले की चूल तशीच टाकून बाहेर धावले. आबा परसात उकिडवे, डोकं उघडं, खुरप्यानं माती सारखी करत होते. टोपी पुरलेली. वर दगड ठेवला. मग हात लांब करून दुसरा घेतला, लहानसा, तोही शेजारी ठेवला. तो कुणाचा, विचारावं लागलं नाही. मीही खाली बसले.
मान वर न करता म्हणाले, "जा बाय. शिफ्ट चुकंल."
हे लिहितेय तेवढ्यात आठ वाजत आले. फॉर्म पिशवीत आहे, सहीची जागा कोरी. परसातून खोकला ऐकू येतोय.