टाचेमागच्या गाठी

३ मार्च
वेड्यांच्या डॉक्टरला तीनदा सांगितलं, पोरीच्या टाचेमागं गाठी आहेत, त्या बघा. मान वर न करता म्हणतो, "बाई, मी डोक्याचा डॉक्टर. टाच तुम्ही बघा." बघतेच की! वीस वर्षं कारखान्यात जोडे शिवते, टाच मला तुझ्यापेक्षा जास्त कळते. चोवीस वर्षांची पोर. कानात आवाज येतात, चालताना झोकांड्या जातात. हा म्हणतो, कायमची दाखल करा. सही मागतो. केली नाही.

४ मार्च
सासूबाई म्हणाल्या, "आमच्यात असलं काही नव्हतं. तुझ्या माहेरून आलं."
मी म्हटलं, "आत्या, तुमचं माझं माहेर एकच आहे."
उठून आत गेल्या.

९ मार्च
नसांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वयानं पोरीपेक्षा थोडी मोठी. आधी जोडेच काढायला लावले. गाठी दाबून बघितल्या. मोतीबिंदू? — चौदाव्या वर्षीच काढला. पोट? — लहानपणापासून बिघडलेलं. मग म्हणाली, "मावशी, इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?"

कसं येणार? मीच झाकलं. गाठ वाढली की जोड्याची मागची बाजू कापायची, आत मऊ चामडं घालायचं, वरून अशी शिलाई मारायची की कुणाला कळू नये. पाच जोड केले. कारखान्यात मिरवलं वर. हात झडावेत माझे.

१० मार्च
रक्त दिलं. पोर सुईला घाबरली नाही. मी घाबरले.

२४ मार्च
रिपोर्ट आला. अंगातली चरबी मोडायला एक एन्झाइम लागतं, ते पोरीच्यात कामच करत नाही. न मोडलेली चरबी साठत जाते — डोळ्यात, टाचेत, मेंदूत. आवाज त्यातूनच, म्हणाली. गोळ्या आहेत, जन्मभर घ्यायच्या. "गेलेलं सगळं परत येईल असं नाही. पुढचं थांबवू." चालेल. थांबवा.

आईबाप दोघांकडून दोष आला तरच होतं हे. आम्ही नात्यातलेच. घरातल्या सगळ्यांची नावं लिहून आणा म्हणाली, हयात आणि मयत.

२६ मार्च
नणंदेच्या नावापुढं "मयत, तापानं" लिहिलं. ह्यांनी पेन धरला. "ताई गेलेली नाही." आमच्या लग्नाआधीच वेड्यांच्या इस्पितळात कायमची दाखल केली. सव्वीस वर्षं! लहानपणी माझी वेणी घालायची ती.

सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसल्यात. सांगून ठेवलंय — आत्या, रविवारपर्यंत मला पत्ता हवा.