सुपारीएवढी

आगरदांडा,
१४ जानेवारी २०२५

प्रिय महनूर,

अस्सलामु अलैकुम. तू, जावईबापू आणि छोटी इनशा खुशाल असाल. इकडे थंडी बरी आहे. इसहाकमामू शुक्रवारी बर्मिंगहॅमला निघतायत, त्यांच्याबरोबर सोडे आणि आंबोशी पाठवते आहे. पुडकी अम्मीनेच बांधली. हे पत्र मी मागाहून त्यात सरकवणार आहे. फोनवर तुझ्याशी बोलताना ती माझ्या शेजारी बसलेली असते, म्हणून लिहिते आहे.

बायकांच्या तुझ्या मजलिशीत येणाऱ्या त्या बाईची छातीतली गाठ वेळेवर सापडली, ऑपरेशनही झालं, हे ऐकून मी दोन दिवस शाळेत सगळ्यांना सांगत होते. वर्षानुवर्षं दवाखान्याची पत्रं न उघडणाऱ्या आपल्या कोकणी बायका आपल्या बोलीतला आवाज ऐकून तपासणीला गेल्या. तू मला श्रेय दिलंस. ते माझं नाही.

ऑगस्टमध्ये त्या बायकांसाठी माझ्या आवाजात ते रेकॉर्डिंग करताना तुझ्या कागदावर ‘वाटाण्याएवढी गाठ’ असं होतं. अम्मी बाजूला अडकित्त्याने सुपारी कातरत होती. हसली. ‘वाटाना काय सांगतेस गो? तो भाजीत शोधायचा. सांग, सोललेल्या सुपारीएवढी. दाबली तर जागची हलत न्हाय. आनि दुखत न्हाय, म्हनून बाई गप बसते. हे नक्की घाल.’

मी घातलं. त्या दिवशीच्या रोजनिशीत माझ्याच अक्षरात आहे: ‘अम्मीची उपमा फार चांगली.’

तुला कसं ठाऊक, हे मी तिला विचारलं नाही.

त्या बाईची बातमी तू नोव्हेंबरात दिलीस. मी अम्मीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘शुकर अल्लाचा. कोनी तरी वाचली.’ मग पदर बाजूला केला आणि म्हणाली, ‘सफु, आता माजी बग.’

डिसेंबरात मुंबईला दाखवलं. यकृतात आणि हाडांत पसरलंय. डॉक्टरांनी कधीपासून म्हणून विचारलं, तर म्हणाली, रमजानच्या आधीपासून, म्हणजे मार्चच्याही आधीपासून. ऑगस्टात आणलं असतं तर, असं मी त्यांना दोनदा विचारलं. दुसऱ्या वेळी ते म्हणाले, ‘बाई, आता त्यांना दुखणार नाही एवढं आपण बघू.’

अम्मीला मी विचारलं, इतके दिवस का लपवलंस? ‘तिथं पुरुष डॉक्टर असला तर?’ म्हणाली. तिकडच्या बायांसाठी तू दवाखान्याकडून आधीच लिहून घेतलं होतंस की तपासणारी बाईच असेल. ते वाक्य मी रेकॉर्डिंगमध्ये तीन वेळा म्हटलं होतं. पण ते तिकडचं होतं. इकडे तिला असं कोण सांगणार होतं?

आणि म्हणाली, ‘इचारलं असतंस तरी मी न्हायच म्हटलं असतं.’ हे खरं आहे, की माझ्यासाठी बोलली, मला ठरवता येत नाही.

तुला कळवायचं नाही, अशी तिने मला शपथ घातली आहे. ‘तिचे तिथं ऱ्हायचे कागद होऊ देत. मधेच निघाली तर सगलं फुकट.’ परदेशातल्यांना दुखणं कळवायचं नाही, ही आपल्या घरांची रीतच. अब्बांच्या वेळी आम्ही तेच केलं. तुला एकदम मयतीचाच फोन गेला. ‘आपा, परत असं करू नकोस,’ तू म्हणाली होतीस. दोन शब्द दिलेत मी, एक तुला, एक तिला. आज अम्मीचा मोडते आहे.

ये, असं लिहिते आणि खोडते. येऊ नकोस, हेही लिहून खोडलं. डॉक्टर उन्हाळ्यापर्यंत म्हणतात. तुझे कागदही उन्हाळ्यातच होणार.

रेकॉर्डिंग मात्र बंद करू नकोस. सुपारी तशीच राहू दे.

एक विचारायचं आहे. इतक्या बायकांना तू तपासणीला घेऊन गेलीस. महनूर, तू स्वतः दाखवून घेतलंस का? हो म्हणालीस, तरी मी पुन्हा विचारेन.

विचारायला उशीर झालेली,
तुझी आपा
सफुरा